पिकोचे कागदपत्र

वस्तू नुसती चांगली असून भागत नाही, तिचे कागदपत्रही चांगले लागतात. बी.कॉम. होऊन ब्यांकेच्या काउंटरमागे बसणाऱ्याला एवढे तत्त्वज्ञान पुरते. पण काँप्युटरवाल्यांनाही ते पटावे, ही मौजच!

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ई-मेलसाठी ‘पाइन’ नावाचा प्रोग्रॅम काढला. त्यात मजकूर लिहायला ‘पिको’ हा छोटा एडिटर होता. माउस नाही, चित्रे नाहीत. पण कुठली कळ दाबली की काय होते, ते पडद्याच्या तळाशी लिहिलेले. गरीब गाय! नाहीतर बिल जॉय यांचा १९७६ सालचा ‘व्हीआय’. त्यातून बाहेर कसे पडायचे, हेच नवख्याला उमगत नाही.

इकडे १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ‘डेबियन’ सुरू केले. ही मंडळी प्रोग्रॅमांची गाठोडी बांधतात. त्यांना म्हणतात पॅकेज. प्रत्येकावर चिठ्ठी: नाव काय, आवृत्ती कितवी, सांभाळणार कोण आणि आणखी कोणावाचून याचे अडते. हा शेवटचा रकाना म्हणजे आमच्या कर्जाच्या अर्जातला जामीनदारच! शिवाय परवान्याचा कागद हवाच.

पिकोचे घोडे तिथेच पेंड खाऊ लागले. फेरफार करून तयार माल वाटायला पाइनचा परवाना मुभा देत नव्हता. आणि डेबियनला तर आपल्या मापात बसवायला चार टाके घालावेच लागत. मग काय, कापड मिळे, शिवलेला सदरा नाही. ज्याने त्याने घरी शिवावा.

अखेर १९९९ साली ख्रिस अलेग्रेटा यांनी पिकोसारखाच एडिटर मुक्त परवान्याखाली नव्याने लिहिला. नाव ठेवले ‘टिप’, म्हणजे ‘टिप इज नॉट पिको’. पण युनिक्समध्ये त्याच नावाचा प्रोग्रॅम आधीच नांदत होता. ब्यांकेत दोन जोशी चालतात, त्यांना खातेनंबर असतात. इथे एका कप्प्यात एका नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत. म्हणून जानेवारी २००० मध्ये पुन्हा बारसे झाले: ‘नॅनो’. मोजमापात नॅनो पिकोच्या हजारपट. मुलगा बापाला भारी निघाला! २००१ साली तो ग्नू प्रकल्पात दाखलही झाला.

विद्यापीठानेही पुढे मोकळ्या परवान्याचे ‘अल्पाइन’ काढले. त्याची १.० आवृत्ती आली २००७ साली. तोवर नॅनोने संसार थाटला होता.

परवान्याचा तो कागद सहसा कोणी वाचत नाही. पण आपण कधीही न भेटलेल्या माणसाने आपली वस्तू दुरुस्त करून शेजाऱ्याला द्यावी, ही मुभा त्याच कागदात असते. तेवढ्यासाठी एका माणसाने अख्खा एडिटर पुन्हा लिहिला. कारकुनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.