वारान्न आणि विद्वत्पदवी

संस्कृतासारख्या अभिजात भाषेचे उच्च शिक्षण परवडत नाही, ही तक्रार बदलीच्या गावी वारंवार कानी येते. फीपेक्षा मुलाचा परगावी राहण्याजेवण्याचा खर्चच पगाराच्या हिशेबात बसत नाही, असे सहकारी सांगतात. हीच विद्या पूर्वी निष्कांचन घरातील मुलास कशी साध्य होई, याचे उत्तर म्हैसूरच्या इतिहासात चांगले सापडते.

प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाड असलेल्या चामराजपुरमपासून राजवाड्याचा परिसर दूर नाही. त्या परिसरात महाराजा संस्कृत महाविद्यालय उभे आहे. १८७६ साली संस्थानाच्या आश्रयाने स्थापन झालेल्या या पाठशाळेत शास्त्राध्ययन पुरे करणारास विद्वत्पदवी मिळे. अध्यापनाचा भार संस्थानाने उचलला, तर गरीब विद्यार्थ्याच्या पोटाची सोय गावातील गृहस्थ करीत. सात वारी सात घरी जेवावयाचे, या रीतीस कानडीत 'वारान्न' म्हणतात. आपल्याकडील 'वार लावून जेवणे' ते हेच.

या पाठशाळेचे ऋण जगाने कसे भोगले, ते रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या चरित्रात दिसते. कावेरीकाठच्या खेड्यात १८६८ साली जन्मलेल्या या विद्यार्थ्याने येथे विद्वत्पदवी संपादिली व १८८९ साली मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवीही मिळविली. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या साहाय्याने ते १८९१ साली स्थापन झालेल्या येथील प्राच्य ग्रंथालयात रुजू झाले. तंजावरकडील एका पंडिताने तेथे दिलेल्या ताडपत्रांत १९०५ साली त्यांस कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' आढळले. शतकानुशतके लुप्त मानलेला हा ग्रंथ त्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केला आणि १९१५ साली त्याचे इंग्रजी भाषांतर दिले.

महाराष्ट्रातही विद्येस असाच आधार होता. पेशवाईतील श्रावणमासच्या दक्षिणेच्या निधीतूनच १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मात्र ही दक्षिणा ब्राह्मणांपुरतीच होती, हे विसरता येत नाही. तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ द्यावा, अशी मागणी पुण्यातील सुधारकांनी १८४९ साली केली, तेव्हा मोठे वादळ उठले. वारान्नाचे ताटही जात पाहूनच वाढले जाई. विद्या स्वस्त होती, पण थोड्यांसाठी. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मात्र परीक्षेतील गुणांवर दिली जाऊ लागली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांस मिळाली. पुढे अर्थमंत्री झालेल्या या सनदी अधिकाऱ्याने 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला, हे आपल्यासारख्या नोकरदारांस विशेष भूषणावह होय.

आज विद्यापीठांचे दार जात विचारीत नाही. १९९६ साली म्हैसुरात स्थापन झालेल्या राज्य मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांमुळे नोकरी सांभाळूनही अध्ययन करता येते. २०२४ साली मराठीसही अभिजात भाषेचा दर्जा लाभला आहे. दार उघडले, परंतु ताट कोण वाढणार, हा प्रश्न उरला. जुन्या काळी विद्या परवडे, ती केवळ फी अल्प म्हणून नव्हे. विद्यार्थ्याचा योगक्षेम समाज वाटून घेई म्हणून. परप्रांतातील प्रत्येक महाराष्ट्र मंडळाने संस्कृत, पाली, अर्धमागधी वा जुनी मराठी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या निवासभोजनाचा भार सात घरांत वाटून घ्यावा. त्याची जात विचारू नये, मातृभाषाही विचारू नये. सात बिऱ्हाडे कोणत्याही बदलीच्या गावी सहज मिळतील.