खाडीचा हिशोब

नदी जिथे समुद्राला मिळते आणि भरतीचे पाणी जिथवर आत शिरते, तो भाग म्हणजे खाडी. भूगोलाच्या पुस्तकात हा विषय इतक्यात संपतो. पण काठावरच्या माणसांना खाडी काय देते आणि त्याचे मोल करायचे कसे?

1997 साली रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या बारा सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात निसर्गाच्या ‘सेवां’चा जागतिक हिशोब मांडला. त्यात खाड्यांचे मोल दर हेक्टरी, दर वर्षी 22,832 डॉलर आले. या आकड्याची फोड पाहण्यासारखी आहे. मासळीसारख्या अन्नाचे त्यात फक्त 521 डॉलर. वादळ-पुराचा तडाखा सौम्य करण्याचे 567. आणि तब्बल 21,100 डॉलर पोषकद्रव्यांच्या चक्राचे! नदीबरोबर आलेली नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे खाडीतला गाळ, सूक्ष्मजीव आणि वनस्पती साठवतात, वापरतात, पुन्हा फिरवतात. हे काम कोणत्याही बाजारात विकले जात नाही. सरासरी दराने साऱ्या जगाचा गुणाकार करण्याच्या या पद्धतीवर अर्थशास्त्रज्ञांनी टीकाही केली. तरी एक गोष्ट स्पष्ट झाली : बाजाराला मासळी दिसते, बाकीची खाडी दिसत नाही.

हाच प्रश्न गोव्यातल्या गावांनी फार पूर्वी आपल्या पद्धतीने हाताळला होता. मांडवी, झुआरी या नद्यांच्या खाड्यांकाठी मिळून गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजण जमीन आहे. भरतीच्या पातळीखालची ही जमीन चिखलाचे आणि जांभ्या दगडाचे बांध घालून तयार केलेली. बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्याला ‘मानस’ म्हणतात. ओहोटीला आतले पाणी झडपा बाहेर ढकलून निघून जाते. भरतीला बाहेरचे पाणीच त्या बंद करते. पावसाने क्षार धुऊन गेले की क्षार सोसणारे ‘कोरगूट’ भात लावायचे. इतर काळात झडपा उघडून भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि त्याबरोबर आलेली कोळंबी, मासे ओहोटीला दाराशी जाळे लावून धरायचे.

दाराशी मासे धरण्याचा हक्क गावकरी संस्था लिलावाने देई. संस्थेच्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. म्हणजे मासळीची जमा आणि बांधाचा खर्च एकाच वहीत. गावकरीच्या चालीरीती पोर्तुगिजांनी 1526 साली लिहून काढल्या. संस्था त्याहून जुनी आहे.

ही व्यवस्था आदर्श होती असे आपण समजू नये. संस्थेच्या नफ्यात वाटा असे तो गावकरांच्या पुरुष वारसांना. बांधावर चिखल लिंपणाऱ्या मजुराला नव्हे. गोवा 1961 साली मुक्त झाला. 1964 चा कुळ कायदा आणि त्यातली 1976 ची दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. हा न्यायच होता. बांध सांभाळण्याचे काम आता कुळांच्या संघांकडे आले. पण याच काळात कोळंबीचा भाव चढत गेला. काही ठिकाणी लिलावाचा पैसा भातापेक्षा मोठा ठरला. मग झडपा वेळी-अवेळी उघड्या राहू लागल्या, बांधांची हयगय झाली, कुठे ते मुद्दाम फोडलेही गेले. खारे पाणी शेतात शिरून राहिले आणि जमीन पडीक झाली. लिलाव घेणारा एक, शेत बुडाले ते दुसऱ्याचे.

लिलाव पूर्वीही होता, नंतरही होता. फरक पडला तो वहीत : जमा एकाकडे, खर्च दुसऱ्याकडे. 22,832 या आकड्यापेक्षा ही गोष्ट आम्हाला अधिक बोलकी वाटते. आकडा खाडीचे मोल सांगतो. ते कोणाच्या पदरात पडते आणि राखण्याचा भार कोणावर येतो, हे सांगत नाही.

आपली शाळा खाडीकाठी असेल तर विद्यार्थ्यांना एक तक्ता करायला सांगावा. पहिल्या रकान्यात खाडी काय देते, दुसऱ्यात ते कोणाला मिळते, तिसऱ्यात त्यासाठी कोण राबते. दुसरा आणि तिसरा रकाना जुळतात का, यावर वर्गात चर्चा व्हावी.