पन्हाळ्याचा वेढा आणि जेध्यांचे दप्तर

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातलेला वेढा आणि आषाढातल्या रात्री शिवाजी महाराजांचे विशाळगडाकडे निसटणे, हे गडावर सहलीला आलेल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. त्या तिथीचा आधार काय, हे मात्र राजदिंडीपाशी उभे राहून सहसा कोणी विचारत नाही. एक मोठा आधार भोरजवळच्या कारी गावी, जेधे देशमुखांच्या घरी होता. शके १५४० ते १६१९ या काळातल्या घडामोडींची ही टिपणे: शक, संवत्सर, मास, तिथी आणि पुढे एखाद-दुसरे कोरडे वाक्य. आषाढ वद्य प्रतिपदेला राजे पन्हाळ्याहून उतरून खेळण्याला, म्हणजे विशाळगडाला गेले, बांदल बरोबर होते, झुंज झाली, बाजीप्रभू पडले. ना पावसाचे वर्णन, ना कोणाच्या तोंडी भाषण. ही शकावली दयाजीराव जेधे यांनी लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि १९१६ साली ती छापून आली. माझ्या मते तिचे खरे जतन त्या दिवशी सुरू झाले. तोवर ती नुसती शिल्लक होती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. देशमुखांच्या घरचे कागद वतनाच्या भांडणांत उपयोगी पडत, तेव्हा लिहिणारा आपल्या घराण्याकडे झुकणारच. शिवाय ही काही रणांगणावर रोज लिहिलेली रोजनिशी नव्हे. दोन्ही मुद्दे मान्य. पण पन्हाळ्याची नोंदच पाहा. शेजारच्या हिरडस मावळातल्या बांदलांशी जेध्यांचे एके काळी हाडवैर होते, तरी जेध्यांच्या दप्तराने त्या रात्रीचे श्रेय बांदलांना दिले आहे. आणि कागद पक्षपाती असला, तरी ताडून पाहायला तो आधी बाहेर यावा लागतो. शिवजन्माची तिथी या शकावलीने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी दिली, तेव्हा ती १६२७ साल धरून बसलेल्यांच्या पचनी पडली नाही. पुढे तंजावरला सापडलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापले गेले. त्यातही तीच तिथी निघाली. शकावली रुमालातच बांधलेली राहती, तर हा मेळ कोणी घातला असता?

दुसरा आक्षेप घराण्यांचा असतो: कागद बाहेर गेला की परत येत नाही, आणि पूर्वजांचे उणेदुणे चव्हाट्यावर येते. पहिली भीती अनुभवातून आलेली आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण आता मूळ कागद घरातून न हलवता त्याची छायाचित्रे घेता येतात. उण्यादुण्याचे म्हणाल, तर राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन जौहरच्या मदतीला जाऊन पन्हाळ्यावर तोफ डागत होता, हे वखारवाल्यांच्याच पत्रव्यवहारातून कळते. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या अंगाशी येणारी पत्रेही जपली, म्हणून वेढ्याची दुसरी बाजू आपल्याला दिसते. आपल्याकडच्या घरांतून मात्र नावलौकिकाचे तेवढे पान निवडून चौकटीत लावतात. हिशेब, कर्जरोखे, फुटकळ याद्या वाळवीला सोडतात. शकावलीतले ‘बांदल बरोबर होते’ हे शब्दही तसे परक्या घराण्याविषयीचेच होते; अशा निवडीत तेही गळाले असते. रुमाल सोडायचा तर सगळा सोडावा, आणि मोडीचे बाळबोध करताना शेजारी मूळ पानाचे चित्र ठेवावे, म्हणजे वाचणाऱ्याची चूक पुढच्याला दुरुस्त करता येईल.