शिकागोच्या लोकलचे वीतभर इंजिन

शिकागोच्या उपनगरी गाड्या अनेक दशके ओढणारे ‘एफ ४० पीएच’ हे डिझेल इंजिन सुमारे १७ मीटर लांबीचे. छोट्या रेल्वेच्या छंदात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात ते वीतभरात मावते. मात्र सर्व मापे ८७ ने भागली की प्रतिकृती तयार झाली, हा समज फसवा ठरतो. कठड्यासाठी जेमतेम ०.४ मिलिमीटरची तार लागते. एक मिलिमीटरची वापरली, तर तो वाशासारखा दिसू लागतो. रंगाचा थर जाड बसला, तर हवेच्या जाळ्या बुजतात. घरातील रुळांची वळणे प्रत्यक्षापेक्षा फारच तीव्र असल्याने बोगी फिरण्यासाठी खालचे काही भाग छाटावे लागतात. ही तडजोड क्षम्यच म्हणावी लागेल.

आवाजाबाबत मात्र तशी सवलत नाही. मूळ रचनेत १६ सिलिंडरचे, ३००० अश्वशक्तीचे एकच यंत्र गाडी ओढते आणि डब्यांतील दिव्यांना व वातानुकूलनालाही वीज पुरवते. वीज पुरवताना ते सामान्यतः मिनिटाला ८९३ फेरे घेते. त्यामुळे गाडी फलाटावर उभी असतानाही त्याची गर्जना थांबत नाही. थांबल्यावर मंद घुरघुरणारी प्रतिकृती, रंगकाम कितीही देखणे असले तरी, चुकीचीच. याउलट बोस्टनसाठी १९८७-८८ मध्ये बांधलेल्या ‘२ सी’ प्रकारात विजेसाठी स्वतंत्र डिझेल यंत्र होते आणि सांगाडाही अधिक लांब होता. म्हणूनच जाणकार प्रथम शहर, इंजिनाचा क्रमांक व वर्ष ठरवतात, त्या वर्षाची छायाचित्रे जमवतात आणि मगच करवत हाती घेतात.