लोणार सरोवर
लोणार सरोवर : वऱ्हाडातील खाऱ्या पाण्याचे नैसर्गिक सरोवर, तीर्थक्षेत्र व वन्यजीव अभयारण्य. अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात, लोणार गावाला अगदी लागून. जुन्या गॅझेटियरांत ते मेहकर तालुक्यात दाखवले आहे. आता लोणार हा स्वतंत्र तालुका आहे. मेहकरहून अंतर सु. २५ कि.मी.

बेसाल्टी खडकात उल्केच्या आघाताने झालेल्या जगातील मोजक्या विवरांपैकी हे एक. व्यास सु. १.८ कि.मी., काठापासून खोली सु. १५० मी. (काही ग्रंथांत १३७ मी.). सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज दीर्घकाळ होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खडकांच्या परीक्षणाने उल्कापाताचे मत पक्के झाले. वय ५२,००० वर्षे असे सर्वत्र छापले जाते. २०११ मधील आर्गॉन पद्धतीच्या मापनात मात्र ते सु. ५,७०,००० वर्षे आले.

पुराणकथेप्रमाणे भूमीखाली दडलेल्या लवणासुराचा विष्णूने येथे वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी निगडित आहे. तारकाकृती तलविन्यास, बाह्यभिंतींवरील दाट शिल्पपट्ट आणि मंडपाच्या छतावरील लवणासुरवध व नरसिंह हे पट पाहण्यासारखे आहेत. वऱ्हाडातील मध्ययुगीन मंदिरांत याचे स्थान वरचे मानावे लागेल. विवराच्या काठावर गोमुखातून अखंड वाहणारी धार असून तिच्याभोवती कुमारेश्वर, पापहरेश्वर इ. देवळे आहेत. खाली उतरल्यावर रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, अंबरखाना, मुंगळ्याचे देऊळ आणि पाण्याकाठी कमळजा देवीचे मंदिर लागते. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. कमळजेजवळच्या ‘सासू-सुनेच्या विहिरी’चे पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारे असल्याचे सांगतात. मोठ्या मारुतीची मूर्ती लोहचुंबकीय पाषाणाची मानली जाते.

येथील क्षाराचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी या प्रतींचा क्षार पूर्वी साबण, काच व बांगड्यांसाठी जाई. हल्ली गावाचा निर्वाह पर्यटन व शेतीवर चालतो.

सरोवराला झरे येऊन मिळतात, पण पाणी बाहेर जायला वाट नाही. जे उतरले ते तिथेच आटते आणि क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. हळद लावलेला कागद बुडवला तर लाल होतो. काठाच्या गोड्या झऱ्यांपासून आतल्या खाऱ्या चिखलापर्यंत वनस्पती व सूक्ष्मजीव पट्ट्यापट्ट्याने बदलतात. हाच या स्थळाचा खरा ठेवा असून मंदिरांइतकाच जपण्याजोगा आहे.

वाट नसल्यामुळेच गावाचा उपद्रवही इथे साठतो. वस्ती विवराच्या काठावर असल्याने सांडपाणी उतारावरून आत येत राहिले. धारेच्या पाण्यावर विवरातच केळी, मका यांची शेती होत असे. ती उठवण्यात आली. वेड्या बाभळीचे रान काढण्याचे कामही झाले. भाविकांचे स्नान, निर्माल्य व यात्रेतील कचरा हा नाजूक प्रश्न आहे, कारण देवीची यात्रा बंद करता येत नाही आणि कोणी तसे म्हणतही नाही. वन, पुरातत्त्व, महसूल व नगरपरिषद या चौघांचे अधिकार एकाच विवरात येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिका चालली, तेव्हा त्यांना एकत्र बसवले गेले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केले. २००० मध्ये अभयारण्य झाले. २०२० मध्ये ४२७ हेक्टर क्षेत्राची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत नोंद झाली. नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातील हे दुसरे स्थळ. त्या नोंदीनुसार पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ व सस्तन प्राण्यांच्या १२ जाती येथे आहेत. विवराच्या रानात मोर बरेच दिसतात. लांडग्याचीही नोंद आहे.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि लोणार देशभर गाजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे कारण निघाले: पाणी आटून क्षारता वाढली की ते रंगद्रव्य तयार करतात. पावसाळ्यात रंग गेला. सांडपाण्याच्या मानाने ही घटना किरकोळ, पण प्रसिद्धी तिलाच मिळाली. राज्य शासनाने २०२२ मध्ये सरोवराच्या जतन व विकासासाठी सु. ३७० कोटी रु. चा आराखडा मंजूर केला. येण्याजाण्याच्या दृष्टीने पाहता, त्याच वर्षी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा मेहकरवरून जाणारा टप्पा खुला झाला.

पाहण्यास हिवाळा उत्तम. विवरात उतरताना पिण्याचे पाणी सोबत न्यावे व कचरा परत आणावा.