अंगणातील शाळेचा प्रवास

हुबळीच्या एखाद्या पेठेतील कानडी माउली शेजारणीला विचारते, "लेकराला अंगनवाडीत घातलेस काय?" हा शब्द आपल्याकडे मराठी मुलखातून आला, हे तिच्या ध्यानीमनीही नसते. त्या शब्दामागील इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

1907 साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत डॉ. माँटेसोरी यांनी पहिले बालगृह उघडले, ते कामकऱ्यांच्या मुलांसाठी. आपल्या देशात मात्र ही पद्धती पांढरपेशांच्या दारी आली आणि तिची साधनेही महाग ठरली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले. तेथे 1923 मध्ये ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. पुढे दादरला शिशुविहार निघाला. तो उत्तम चालला. परंतु शहरातील शिकल्यासवरल्या घरांपलीकडे आपले काम जात नाही, ही टोचणी ताराबाईंना लागून राहिली.

1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी हे गाव निवडले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले तिकडे फिरकेनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या अंगावर धड वस्त्र नाही. तेव्हा या बाईंनी वाड्यातच जाऊन कोणाच्या तरी अंगणात शाळा मांडली. आधी मुलांना आंघोळ घालावयाची, नखे काढावयाची, मग गाणी आणि गोष्टी. विलायती साधनांच्या जागी शंख, शिंपले, खडे, बिया आल्या. आमच्या शिक्षकवर्गाला याहून मोठा धडा कोणी दिला असेल, असे मला वाटत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला. पुढच्याच वर्षी बोर्डीचे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. राज्यांची सीमा आखली गेली खरी, पण शब्दाला ती अडवू शकली नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 ठिकाणी आरंभिली. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे ती प्रथम आली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी.

पोषण, लसटोचणी, शिक्षण असा मोठा भार या केंद्रांवर आहे. तो वाहणाऱ्या सेविका अजून मानधनावरच आहेत. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले.

आणि तीन वर्षांखालील मूल? त्याचा शिधा घरी येतो, पण दिवसभर सांभाळावयाचे कोणी? 1948 च्या कारखाने कायद्याने 2025 पर्यंत तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर बंधनकारक होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला कारखानाच नाही. कर्नाटक सरकारने 2023 साली ग्रामपंचायतींतून 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, ही योजना काढली, तीही मजूर आयांसाठी, खेड्यांत. हुबळीतील त्या बाईची थोरली मुलगी मात्र बोर्डीच्या मुलांप्रमाणेच धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी असते.