गुमगाव मँगनीज खाण

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ असलेली भूमिगत खाण. येथील खनिज सौसर गटाच्या प्राचीन खडकांत सापडते. फर्मोर या भूवैज्ञानिकाने अशा मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. या भूमीच्या मूळ रहिवाशांची आठवण त्यामुळे जगभरच्या भूविज्ञानात टिकली. खनिजाचा तुकडा काळाभोर असतो, हाताला काजळी लागते आणि एवढासा दगड इतका जड कसा, याचे नवल वाटते. पोलादातील ऑक्सिजन व गंधक काढण्यासाठी मँगनीज लागते.

ही खाण चालवणारी ‘मॉइल’ कंपनी 1962 मध्ये स्थापन झाली आणि 1977 मध्ये पूर्णपणे सरकारी झाली. भूमिगत खाणींत ती खनिजाचा थर खालून वर, एकेक काप घेत काढते. रिकाम्या पोकळीत पाण्यात कालवलेली रेती नळांतून सोडतात. पाणी निथळले की रेती घट्ट बसते. तिच्यावरच उभे राहून कामगार डोक्यावरचा पुढचा काप फोडतात. त्यांचा जीव या भरणावर अवलंबून असतो, म्हणून खाणीतले हे सर्वांत मोलाचे काम मानले पाहिजे.

खाणीबाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगांवर सहसा गवतही धरत नाही. गुमगावच्या अशा ढिगांवर नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि मुळांना साथ देणारे सूक्ष्मजीव वापरून साग, शिसव यांसारखी झाडे वाढवली.